ठिपका आणि काडी

सोमवार, ३ मार्च

घड्याळांचं दुकान बंद करून चार महिने झाले, पण ही कोरी वही काही फेकवेना. पानापानावर तीन रकाने छापलेले आहेत: घड्याळ, तक्रार, दुरुस्ती. त्यांच्यावरूनच आडवं लिहीत सुटायचं ठरवलंय. ही म्हणाली, "लिहा, लिहा. माझ्या डब्यांची झाकणं दुरुस्त करण्यापेक्षा ते बरं. काल एक उघडेना, मी हातोडी घेतली."

लिहायला कारणही तसंच आहे. एकोणसत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली!

सूनबाई प्रयोगशाळेत संशोधन करते. (चिरंजीव बोटीवर इंजिनियर, सहा महिन्यांनी एकदा उगवतात. घरात आम्ही तिघंच.) तिच्याकडे मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या मोजणारी बाई होती, ती दुसरीकडे गेली. काल जेवताना सून म्हणाली, "डोळा स्थिर हवा, हात स्थिर हवा, आणि कंटाळा येता कामा नये. असा माणूस आणू कुठून?"

ही म्हणाली, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे चाळीस वर्षं एका डोळ्याने जगाकडे बघत बसलेत."

आज गेलो. तिसरा मजला, लांबलचक टेबल, फिरतं स्टूल, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. कोपऱ्यातला नळ गळत होता. पहिल्या तासात तो बंद केला. मोजायला उद्यापासून शिकवणार आहे.

बुधवार, ५ मार्च

शाळा मी सातवीत सोडली. पण आज जे शिकलो ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पक्कं होईल.

एक माशी चावते. तिच्यातून एक परजीवी अंगात शिरतो आणि कातडीवर फोड येऊन चिघळतो. आता अंगात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्याकडे असतातच. भक्षक पेशी म्हणतात. पण हा पठ्ठ्या त्या भक्षक पेशीच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो आणि तिथे पोरंबाळं वाढवतो.

मी म्हटलं, "म्हणजे चोराने पोलीस चौकीतच खोली घेतली!"

"आणि भाडंही देत नाही, बाबा."

"मग चौकी काय झोपा काढते?"

"चौकीला एकटीला उमगत नाही. बाहेरून टी पेशी येतात. त्या इशारा देतात, इंटरफेरॉन नावाचा. तो मिळाला की चौकीचा कारभार बदलतो. आतल्या आत विषारी वायू तयार होतो आणि भाडेकरू गुदमरतो."

"म्हणजे चावीच्या घड्याळासारखं. आत सगळी चाकं आहेत, पण बाहेरून चावी दिल्याशिवाय चालायचं नाही."

ती थांबली आणि हसली. "हे मी वर्गात वापरणार."

छाती दोन इंच फुगली, हे इथे लिहायला हरकत नाही.

आता नियम. पहिला: परजीवी म्हणजे एक जांभळा ठिपका आणि त्याच्या शेजारी बारीकशी काडी. ठिपका आणि काडी दोन्ही दिसलं तरच मोजायचं. नुसता ठिपका म्हणजे रंगाचा कणही असू शकतो. दुसरा: काचपट्टीवर फक्त नंबर. ती कुठल्या उंदराची, हे मला कळता कामा नये. ती यादी त्यांच्या विभागाच्या मोठ्या बाईंच्या कपाटात, बंद पाकिटात असते. सूनसुद्धा शेवटीच बघणार.

मी विचारलं, "तू स्वतःच का मोजत नाहीस?"

"कारण मला जे दिसावंसं वाटतं तेच दिसेल. उंदीर माझे, औषध माझं. माझे डोळे माझ्याच बाजूचे आहेत, बाबा. मला परका माणूस हवा."

"मी परका?"

"तेवढ्या वेळापुरते व्हा."

शुक्रवार, १४ मार्च

आज एकोणीस काचपट्ट्या. आधीची बाई दिवसाला बारा करायची म्हणे. ठिपका-काडी आता दुरून ओळखू येते, जसा मला नुसत्या आवाजावरून सैल झालेला स्क्रू कळतो.

एका काचेवर मजेदार ओरखडा होता, हंसाच्या मानेसारखा बाक असलेला. अख्ख्या पट्टीत फक्त तीन परजीवी. शोधता शोधता डोळ्याला पाणी आलं, पण सोडले नाहीत. वहीत तीन लिहिले. सरावाच्या काचांत शेकड्याने असायचे; इथे काहींत एकही नसतो आणि काहींत असे दोन-तीन. ते दोन-तीन मला आवडतात. घड्याळ पूर्ण खोलल्यावर शेवटी हरवलेली स्प्रिंग चटईखाली सापडावी, तसे सापडतात.

बुधवार, २६ मार्च

आज सूनबाईच्या प्रयोगाचा पूर्ण आराखडा समजला. तिने तो मला सांगितला नाही. भिंतीवरच्या फळ्यावर होता, मी वाचला.

उंदरांचे दोन गट. दोघांनाही फोड आले आणि दोघेही बरे झाले. पहिले आपसूक बरे झाले. दुसऱ्यांना सूनबाईचं औषध दिलं. आपल्या अंगात लढणाऱ्या पेशी असतात तशा त्यांचा लगाम धरणाऱ्या पेशीही असतात, मारामारीत घराचीच मोडतोड होऊ नये म्हणून. हिचं औषध तो लगाम काही दिवस सोडवतं. तिची अटकळ अशी की मग परजीवी साफ, मुळासकट जाईल आणि पुन्हा माशी चावली तरी काही होणार नाही. हे खरं ठरलं तर केवढं मोठं काम! माझी सून!

दुपारी ती फोनवर कुणाला सांगत होती, "औषधवाल्यांत एकही सापडता कामा नये. एक सापडला तरी पुन्हा पहिल्यापासून." आवाज थकलेला होता. महिनाभरात मी तिला घासभर नीट जेवताना पाहिलेलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

हे लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो. वही माझी आहे, कुणी वाचणार नाही.

मला पाकीट न उघडता गट कळतो. काचपट्ट्या दोन खोक्यांतल्या आहेत. काहींच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, काहींच्या नुसत्या कापलेल्या, बोटाला लागणाऱ्या. मुद्दाम नाही पाहिलं, पण चाळीस वर्षं बोटांनी काच ओळखली, ती विसरू कशी? गुळगुळीत काच महाग. महाग काच माणूस कशाला वापरेल? आपल्या औषधाला. म्हणजे गुळगुळीत ती औषधवाली.

आणि नेमके गुळगुळीत काचांतच ते दोन-तीन सापडतात. कधी एक.

आज अशा चार काचा आल्या. ठिपका दिसला, काडीही दिसली. म्हणजे दिसली असं वाटलं. लाखभर पेशींत एक! कुठल्याही घड्याळात धुळीचा एखादा कण असतोच, म्हणून कुणी गिऱ्हाइकाला घड्याळ परत करत नाही. मी शून्य लिहिलं. चारही.

बुधवार, ९ एप्रिल

हंसाच्या मानेची काच आज पुन्हा आली, नवा नंबर लावून! बिचारीने कामाच्या रगाड्यात तीच काच दुसऱ्यांदा दिलेली दिसते. सांगितलं असतं तर ओशाळली असती, म्हणून गप्प बसलो. गुळगुळीत काच. शून्य लिहिलं.

संध्याकाळी घरी येताना तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "हो. प्रयोगशाळेतला चहा भिकार असतो."

ती हसली नाही. थकते फार.

शनिवार, १९ एप्रिल

काचपट्ट्या संपल्या. एकूण दोनशे बारा. मागे ठेवलेल्या उरलेल्या उंदरांना, दोन्ही गटांतल्या, आता पुन्हा परजीवी टोचला आहे. ते आजारी पडतात की नाही, ते महिन्याभरात कळेल.

मोठ्या बाईंनी आज मला हाक मारून सांगितलं, "काका, तुमचा हात छान बसलाय." मी घरी येऊन हिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "कुंकवाच्या करंड्यात घालून ठेवू का ते वाक्य?"

मंगळवार, २० मे

वाईट झालं.

औषधवाले उंदीर आजारी पडले. जवळजवळ सगळेच, पहिल्यासारखे फोड येऊन. आणि जे आपसूक बरे झाले होते, ते ठणठणीत.

आज पाकीट उघडलं. सून वही घेऊन बसली आहे, डोकं धरून. म्हणाली, "बाबा, एप्रिलच्या आकड्यांत दोन्ही गट साफ. इथेही शून्य, तिथेही शून्य. मग एकाला संरक्षण आणि दुसऱ्याला नाही, असं का? फरक कुठे आहे?"

मी म्हटलं, "बाळ, जेवून घे."

दुसरं काय म्हणणार? पण एक गोष्ट मला खटकते आहे. तिच्यासमोर यादी होती. मी शून्य केलेल्या काचांचे नंबर मला पाठ होते, ते खांद्यावरून पाहिले. गुळगुळीत काचा औषधवाल्यांच्या नव्हत्या. त्या आपसूक बरे झालेल्यांच्या होत्या.

शुक्रवार, २३ मे

मोठ्या बाई आज तिसऱ्या मजल्यावर आल्या. मी स्टूलवर बसून भिंगं पुसत होतो. मला ऐकू येत नाही असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

त्या म्हणाल्या, "जूनअखेर काही हाती लागलं नाही तर हे काम मला थांबवावं लागेल. आणि ते मार्चचे आकडे काढून टाक. आपसूक बऱ्यांत दोन-तीन दाखवलेत ना, ते. काकांचा हात बसायच्या आधीचे आहेत. नवशिक्याने रंगाचे कण मोजले असणार."

सून म्हणाली, "बाबांचे मार्चचे आकडे मी टाकणार नाही."

"का?"

"तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं."

आणि मी भिंग पुसतच राहिलो. केव्हाच स्वच्छ झालं होतं ते.

रविवार, २५ मे

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे लहानपणापासून ऐकतो. आज त्याचा अर्थ नव्याने लागला.

औषधवाल्यांत खरंच एकही नव्हता. नुसत्या कापलेल्या कडांच्या काचा मी प्रामाणिकपणे मोजल्या होत्या, शून्य ते शून्यच. सूनबाईच्या औषधाला माझ्या मेहेरबानीची गरजच नव्हती. आणि आपसूक बऱ्यांत दोन-तीन उरले होते, ते मी पुसले. दोन्ही गट सारखे केले कुणी? मी. फरक शोधता शोधता ती पोर वाळत चालली आहे आणि फरक माझ्या खिशात आहे.

आणि आजारी कोण पडलं? ज्यांच्यात एकही उरला नव्हता ते.

घड्याळाला रोज चावी लागते. उरलेले ते दोन-तीन चोर रोज चावी देत असतील, तर? चौकीला पोळलेलं तोंड विसरू देत नसतील, तर?

हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला काय सांगताय? मी काय सून आहे?"

सोमवार, २६ मे

घड्याळ: मीच. तक्रार: चालतं, पण खोटी वेळ दाखवतं.

सकाळी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा ती एकटीच होती. उभ्यानेच सांगितलं. काचेच्या कडा, फळा, फोन, शून्य, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग मोजणीची वही काढली. नऊ एप्रिलचं पान लगेच उघडलं, त्याचा कोपरा आधीच दुमडलेला होता. फार टापटिपीची आहे ती.

"दोन महिने, बाबा."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काही वाटू नये म्हणूनच तर तुम्हाला तिथे बसवलं होतं!"

एवढ्या मोठ्याने ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. तिने वही मिटली. मग मी म्हटलं, "तू जेवत नव्हतीस गं."

तिने डोळे पुसले. "मी जेवत नाही म्हणून तुम्ही माझे उंदीर बरे केलेत?"

"एका गटाचे. आणि तेही चुकीच्या."

तिला हसू फुटलं, रागाच्या मध्येच. आवरायचा प्रयत्न केला, आवरलं नाही. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाली, "हे मोठ्या बाईंना मीच सांगणार, आहे तसं. तुम्ही बरोबर यायचं."

गेलो. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "आता मोजणार कोण?"

मी निघायला म्हणून काठी उचलली होती. सून म्हणाली, "हेच. आता आपल्या बाजूने मोजण्याचा काय परिणाम होतो, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "उद्या नऊला या."

मंगळवार, २७ मे

सगळ्या काचांच्या कडांना काळी पट्टी चिकटवून घेतली, नंबर बदलून घेतले, दुसऱ्या मजल्यावरच्या एका माणसाकडून. दोनशे बारा, पहिल्यापासून. मी हातांत सुती हातमोजे घातले, स्वतःहून.

ही म्हणाली, "दोन महिने ती तुमच्या तोंडाकडे बघत होती. तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं दाढी नीट होत नाही."

शुक्रवार, १३ जून

शेवटची काच आज दुपारी संपली. डोळे असे झालेत की चहाच्या कपातही ठिपका-काडी दिसते. काय मोजतोय हे मला कळत नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. पाच होते तर पाच लिहिले, एक होता तर एक. एका काचेवर अर्धा तास घालवून सरळ शून्य लिहिलं. ते शून्य लिहिताना छान वाटलं. खणखणीत होतं.

पाकीट माझ्यासमोर उघडलं. औषधवाले: शून्य, शून्य, शून्य, खालपर्यंत. आपसूक बरे झालेले: दोन, तीन, एक, चार, दोन. एकही सुटला नाही. प्रत्येकात थोडे उरलेले.

सून कागदाकडे बघतच राहिली. मग हळू म्हणाली, "लगाम धरणाऱ्या पेशी आहेत म्हणून हे थोडे जगतात. आणि हे जगतात म्हणून टी पेशी तिथून हलत नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा चोर आला की चौकी आधीच जागी असते. मी लगाम काढला, घर साफ झालं, आणि पहारा घरी गेला."

"चावी द्यायला कुणी उरलं नाही," मी म्हटलं.

"बाबा, माझी अटकळ चुकली."

ती हे असं बोलली, जसं एखादी मुलगी सांगते की मी पहिली आले.

शुक्रवार, २० जून

आज तिचं भाषण होतं, विभागातल्या सगळ्यांसमोर. हिने कपाटातली बरी साडी काढली, मी कोट. शेवटच्या रांगेत बसलो.

तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझं औषध हरलं. सभागृहात चुळबुळ झाली. मग तिने एकेक पायरी उलगडली आणि चुळबुळ थांबली. मला निम्मं कळलं, पण बाजूला बसलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुढे सरकून सरकून खुर्चीच्या टोकावर आले होते, यावरून उरलेलं निम्मं कळलं.

मग पडद्यावर लिहून आलं: पहिली मोजणी बाद. मोजणाऱ्याला गट कळला होता आणि त्याने उरलेले वगळले. माझे कान तापले. हिने माझा हात धरला. त्याच्या खाली दुसरी ओळ: त्यानेच हे स्वतःहून सांगितलं. दुसरी मोजणी त्याचीच. तो माझा सासरा, घड्याळजी, आणि रोजच्या चावीची ही कल्पना त्याची.

टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी होत्या मला माहीत नाही. मी तिच्यासाठी वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. चूक सगळ्यांसमोर सरळ उभी करते आणि तरी ताठ राहते. अशी माणसं मी चाळीस वर्षांत दुकानाच्या काउंटरपलीकडे दोन-तीनच पाहिली.

मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "काम चालू राहील." आणि मग मला, "काका, तुमचे मार्चचे आकडे बरोबर होते."

हिला हे मी एकदाही सांगितलं नाही. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

सोमवार, २३ जून

नवे उंदीर, नवं खोकं. सकाळी पहिल्या दहा काचांतच हंसाची मान! तोच बाक, तोच ओरखडा, कडांना काळी पट्टी. शोधले. तीन सापडले, तिघंही जागच्या जागी, जुने शेजारी भेटावेत तसे. तीन लिहिलं.

या वेळी मात्र मला राहवलं नाही. सूनबाईला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, कुणी ऐकू नये म्हणून. "बाळ, रागावू नकोस, पण ही एक काच तू मला पुन्हा पुन्हा देतेस. मार्चमध्ये दिलीस, एप्रिलमध्ये दिलीस, गेल्या मोजणीतही होती. तुला सांगायला संकोच वाटत होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि या वेळी किती?"

"तीन."

तिने तोंडावर हात धरला आणि हसू लागली. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग वाकून माझ्या पाया पडली, भर प्रयोगशाळेत. मी गोंधळलो. म्हटलं, "अगं, एवढं काय त्यात, चूक कुणाकडूनही होते!"

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघून म्हणाली, "चाळीस वर्षं एका डोळ्याने," आणि पदर तोंडाला लावला. दोघी मिळून हसत बसल्या.

हसू दे. सून आज पोटभर जेवली, दोनदा वाढून घेतलं. एवढं मोठं डोकं असलं की लहानसहान गोष्टी निसटायच्याच. पुढच्या खोक्यात ती काच पुन्हा आली तर तीन लिहीन आणि काही बोलणार नाही. लक्ष ठेवायला मी आहेच.